दामिनी ॲप: पडलेली वीज दाखवतं, पहिली वीज नाही

पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, बनवलेलं दामिनी हे ॲप शेतात, मैदानावर, खाणीत किंवा डोंगरावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असायला हवं. फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. पण ते वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची समजूत अशी असते की वीज पडायच्या आधी फोन वाजणारच. ही समजूत धोक्याची आहे. दामिनी काय ऐकतं आणि काय ऐकू शकत नाही, हे कळल्याशिवाय त्या नकाशावर विसंबू नये, म्हणून हे परीक्षण थोडं खोलात जाऊन.

२०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. पूर, उष्माघात, थंडी यांतल्या कुठल्याही एका कारणापेक्षा हा आकडा मोठा. असे मृत्यू बहुतेक उघड्यावर होतात, दुपारनंतर, आणि कितीतरी वेळा झाडाखाली. आपल्याकडे एप्रिल ते जूनचा वळीव आणि परतीचा पाऊस हे दोन काळ सगळ्यांत वाईट. मराठवाडा-विदर्भात पेरणीपूर्व मशागतीला आणि नंतर सोयाबीन काढणीला माणसं रानातच असतात, नेमकी तेव्हाच.

ॲप बसवणं सोपं आहे. नाव, मोबाइल नंबर, पिनकोड अशी माहिती भरून नोंदणी होते. उघडल्यावर नकाशा येतो, मधोमध तुम्ही आणि तुमच्याभोवती दोन वर्तुळं: आतलं २० किलोमीटर त्रिज्येचं, बाहेरचं ४० किलोमीटरचं. गेल्या काही मिनिटांत जिथे वीज झाली तिथे रंगीत ठिपके दिसतात. ठिपक्याचा रंग विजेची ताकद सांगत नाही, तिचं वय सांगतो. रंगांचा खुलासा ॲपमध्येच दिलेला आहे, तो एकदा नीट वाचून ठेवा, कारण सगळा उपयोग त्यातच आहे.

आता हे ठिपके येतात कुठून ते पाहू.

एखादा जुना ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर लावा, ५३० ते ६०० किलोहर्ट्झच्या आसपास जिथे कुठलंही केंद्र लागत नाही तिथे काटा ठेवा. वळिवाच्या दुपारी त्यातून ‘खर्र... खट्ट’ असे तुटक आवाज येतील. आभाळ अजून निळं असतं, गडगडाटही ऐकू येत नाही, तरी रेडिओ खरखरतो. प्रत्येक खरखर म्हणजे कुठेतरी झालेली एक वीज. विजेच्या वाटेत हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणार्धात चढतो आणि उतरतो, त्यातून रेडिओ लहरी फेकल्या जातात. सर्वांत जास्त ऊर्जा ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असते, पण मेगाहर्ट्झपर्यंतही पुरेशी पोचते. एफएमवर हे ऐकू येत नाही, मीडियम वेव्हच हवा.

दामिनीच्या मागे देशभर बसवलेले ऐंशीहून जास्त सेन्सर हेच ऐकतात, फक्त खूप बारकाईने. त्यांचा पट्टा अगदी कमी वारंवारितेपासून १२ मेगाहर्ट्झपर्यंत आहे, त्यामुळे जमिनीवर पडणाऱ्या विजेसोबत ढगातल्या ढगात होणारी वीजही पकडता येते. प्रत्येक सेन्सर लहर कधी पोचली ती वेळ जीपीएसच्या घड्याळाने नोंदवतो. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. दोन सेन्सरांच्या वेळांतल्या फरकावरून वीज कुठल्या वक्ररेषेवर आहे ते निघतं, तीन-चार सेन्सर मिळाले की वक्ररेषा एका जागी छेदतात. तो छेद म्हणजे तुमच्या फोनवरचा ठिपका.

म्हणून ठिपका म्हणजे खांबाच्या नंबरासारखी नेमकी जागा नव्हे. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे साधारण ३०० मीटरची चूक. शिवाय वीज ही एका बिंदूत होत नाही, ढगात ती कित्येक किलोमीटर आडवी पसरलेली असते. ‘ठिपका शेजारच्या गावात आहे, आपल्यात नाही’ असला हिशेब कधीही करू नका. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते. समुद्रात सेन्सर बसवता येत नाहीत, सगळे एकाच बाजूला, जमिनीवर. वीज चारही बाजूंनी ऐकली गेली तर जागा पक्की निघते, एकाच बाजूने ऐकली तर गणित ढिलं पडतं. होडीवर असाल तर समुद्राकडच्या ठिपक्यांना दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे धरूनच चाला.

आता मुख्य मर्यादेकडे. दामिनी रेडिओ लहर ऐकतं, आणि रेडिओ लहर निघते ती वीज झाल्यावर. वीज होण्याआधी ढगात जे चाललेलं असतं ते या सेन्सरांना ऐकूच येत नाही. ते कळायचं तर विद्युतक्षेत्र, म्हणजे ढगात साठलेल्या विद्युतभाराचा भोवतालच्या हवेवरचा ताण, मोजावं लागतं.

वळिवाचा ढग दुपारी फुलकोबीसारखा वर चढतो. पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं, पण पाणी लगेच गोठत नाही. उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण साडेसहा ते आठ किलोमीटर उंचीवर, बर्फाचे हलके स्फटिक, न गोठलेलं थंडगार पाणी आणि मऊ गारांचे कण एकत्र असतात. स्फटिक वर जात असतात, गारकण खाली येत असतात. त्यांच्या टकरीत विद्युतभाराची अदलाबदल होते: गारकण बहुतेक ऋण होतात आणि मधल्या थरात राहतात, स्फटिक धन होऊन माथ्याकडे जातात. तळाशी धन भाराचा एक छोटा कप्पाही असतो. हवेचा वर चढणारा जोराचा झोत आणि गारकण, या दोन्हींशिवाय वीज होत नाही. श्रावणातल्या संथ पावसाचे ढग दिवसभर ओतले तरी सहसा कडाडत नाहीत, त्याचं कारण हेच.

स्वच्छ हवेत जमिनीजवळ विद्युतक्षेत्र मीटरला साधारण १०० व्होल्ट असतं. गर्जणाऱ्या ढगाखाली ते ५ ते १० हजारांवर जातं, दिशाही उलटते. ढगाच्या पोटात फुग्यांनी मोजलेलं क्षेत्र मीटरला १ ते २ लाख, क्वचित ४ लाख व्होल्ट. आणि समुद्रसपाटीला हवा फाटायला लागतात ३० लाख. उंचीवर हवा विरळ असली तरी हे अंतर भरून निघत नाही. मग वीज सुरू तरी कशी होते? एक उत्तर थेंबांच्या आणि बर्फकणांच्या टोकांशी आहे, तिथे क्षेत्र काही पटींनी वाढतं. दुसरं उत्तर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांनी मोकळ्या केलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांकडे आहे. क्षेत्र समुद्रसपाटीच्या हवेत मीटरला सुमारे २.८ लाख व्होल्टच्या वर गेलं, तर असे इलेक्ट्रॉन हवेच्या अडथळ्याला न जुमानता पळत सुटतात आणि वाटेत आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात. सहा किलोमीटरवर हा उंबरठा जवळपास निम्म्यावर येतो, म्हणजे ढगात खरोखर मोजलेल्या आकड्यांजवळ. या धावेतून क्ष-किरण आणि गॅमा किरण निघतात. गर्जनमेघांतून येणारे गॅमा किरणांचे झोत १९९४ साली उपग्रहावरच्या उपकरणांतून जाहीर झाले, आता त्यांच्या नोंदी नियमित होतात. पण वीज नेमकी कोणत्या ठिणगीने पेटते, याचा वाद अजून मिटलेला नाही.

ढगातलं हे क्षेत्र मोजणं किती अवघड आहे, याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटीतल्या ग्रेप्स-३ प्रयोगात १ डिसेंबर २०१४ रोजी एका गर्जनमेघाखाली म्यूऑन कणांची, म्हणजे वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होऊन जमिनीपर्यंत पोचणाऱ्या कणांची, संख्या १८ मिनिटं घटलेली दिसली. त्या घटीवरून ढगाच्या दोन टोकांमधला विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्ट निघाला. एवढा मोठा म्यूऑन दुर्बिणीचा पसारा उभा असताना हे एका ढगाबद्दल कळलं. फोनमध्ये विद्युतक्षेत्र मोजणारा सेन्सर नसतो. ‘तुमच्या फोनच्या मॅग्नेटोमीटरने (होकायंत्राच्या सेन्सरने) वीज ओळखू’ असं सांगणारं कुठलंही ॲप काढून टाका.

पहिल्या विजेआधी सावध करणारं यंत्र आहे, त्याला फील्ड मिल म्हणतात. जमिनीवर एक फिरतं झाकण धातूच्या पट्ट्यांना आळीपाळीने आकाशापासून झाकतं आणि उघडं करतं, त्यातून निघणाऱ्या बारीक प्रवाहावरून क्षेत्र कळतं. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ चं यान उड्डाणानंतर ३६ आणि ५२ व्या सेकंदाला विजेच्या तडाख्यात सापडलं. ढग स्वतःहून वीज पाडत नव्हता, यानाच्या धगधगत्या धुराने वाट करून दिली होती. त्यानंतर अमेरिकेतल्या केनेडी स्पेस सेंटर या उड्डाणतळाभोवती फील्ड मिलचं जाळं उभं राहिलं, आणि क्षेत्र मीटरला १,००० व्होल्टच्या वर गेलं तर उड्डाण थांबवण्याचा नियम झाला. दारूगोळ्याचं कोठार, पेट्रोलियमच्या टाक्या, मोठं क्रीडांगण अशा ठिकाणी हे यंत्र परवडतं, शेतकऱ्याला नाही. आणि तेही फक्त आसपासच्या काही किलोमीटरचंच सांगतं.

थोडक्यात, ढग दुसरीकडे तयार होऊन तुमच्याकडे सरकत असेल तर दामिनी उत्तम आहे. ढग तुमच्याच डोक्यावर तयार होत असेल तर पहिली वीज ॲपला आणि तुम्हाला एकाच वेळी कळते. रडारवर पहिला ठसा दिसल्यापासून पहिल्या विजेपर्यंत बऱ्याचदा २०-३० मिनिटंच असतात. एक दिलासा आहे: पहिल्या काही विजा बहुतेकदा ढगातल्या ढगातच होतात, जमिनीवरची वीज त्यानंतर काही मिनिटांनी. दामिनीचे सेन्सर ढगातली वीजही पकडतात, म्हणून ही काही मिनिटं कामाला येऊ शकतात. पण लहर सेन्सरवर, तिथून मध्यवर्ती गणकावर, तिथून सर्व्हरवर, तिथून मोबाइल टॉवरवर आणि मग तुमच्या खिशात, एवढ्या टप्प्यांत वेळ जातोच. रानात इंटरनेटची एक कांडी असेल तर आणखी.

त्यामुळे फोनची मांडणी नीट करा. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ द्या, ‘ॲप वापरताना’ नव्हे. सूचनांची परवानगी चालू ठेवा. बॅटरी बचतीच्या यादीतून दामिनी वगळा, काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं चालू करावं लागतं. हे केलं नाही तर ॲप पडद्याआड झोपवलं जातं, आणि इशारा येतो तो तुम्ही घरी जाऊन फोन उघडल्यावर. आणि सर्वांत जास्त घडणारी चूक: ढग आले की लोक फोनचा डेटा बंद करतात, कुणी फोनच बंद करतं, कारण मोबाइलवर वीज पडते असं गावोगाव सांगितलं जातं. खिशातला फोन वीज ओढत नाही. डेटा बंद केलात तर दामिनीही बंद. फक्त चार्जरला लावलेला फोन आणि तारेचा जुना टेलिफोन हातात धरू नका, कारण वीज तारांमधून आत येते.

आता वाचन. ४० किलोमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ५,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे, २० किलोमीटरच्या वर्तुळाचं सुमारे १,२५०. एवढ्या जागेत वळिवाच्या दिवसांत रोजच कुठेतरी वीज होते. इशारा येतो, इकडे थेंबही पडत नाही, असं आठवडाभर झालं की माणूस फोनकडे पाहणं सोडतो. इथेच अपघात होतो. म्हणून इशाऱ्याचा मजकूर न वाचता ठिपक्यांची चाल वाचा. जुने ठिपके कुठे आहेत, नवे कुठे आहेत? नवे तुमच्याकडे आलेले असतील तर ढग येतोय, नवे दूर असतील तर जातोय. पाच मिनिटांनी पुन्हा उघडून पाहा, दोनदा पाहिल्यावर दिशा पक्की कळते. नवे ठिपके जुन्याच्या बाजूला भलतीकडे उगवत असतील तर जुन्या ढगाच्या बाजूला नवा ढग फुलतोय, तिथे कुठलाही अंदाज धरू नका.

वळिवाचे ढग ताशी २० ते ४० किलोमीटरने सरकतात. ताशी ३० धरला तर २० किलोमीटरवरून १० वर यायला २० मिनिटं लागतात. १० किलोमीटरच्या आत आलेली वीज तुमच्यावर पडू शकते, मग तुमच्या डोक्यावर पाऊस असो वा ऊन. ढगाच्या ऐरणीसारख्या पसरलेल्या माथ्यातून निघणारी वीज ढगापासून १० किलोमीटर दूर, कोरड्या जमिनीवर पडलेली आहे. म्हणून निर्णय २० वर घ्या. बैल सोडणं, फवारणीचा पंप उतरवणं, एक किलोमीटर चालत पक्क्या घरापर्यंत येणं, सगळं या २० मिनिटांत बसवायचं आहे. नुसतं चालायलाच १२ मिनिटं लागतात.

ॲप गप्प असलं आणि गडगडाट ऐकू आला, तर ॲपचं ऐकायचं नाही. लखलखाट दिसल्यापासून कडकडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी असतील तर कामं टाकून आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका, नकाशा स्वच्छ दिसला तरीही.

आत म्हणजे कुठे? वीजजोडणी आणि नळ असलेलं पक्कं घर, किंवा काचा वर केलेली, पत्र्याच्या छताची मोटार. पत्र्याचा उघडा गोठा, मांडव, दुचाकी, केबिन नसलेला ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर यांपैकी काहीही नाही. आणि बांधावरचं आंब्याचं, चिंचेचं झाड तर मुळीच नाही. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून उतरताना शेजारच्या माणसावर उडी मारते, कारण माणसाचं अंग लाकडापेक्षा चांगली वाट आहे. उरलेली जमिनीत पसरते. हिशेब मांडून पाहा: ३० हजार अँपिअरची साधी वीज, जमिनीचा रोध १०० ओहम-मीटर. पडल्या जागेपासून १० मीटरवर उभ्या माणसाच्या एक मीटर अंतरावरच्या दोन पायांमध्ये सुमारे ४,३०० व्होल्ट येतात. त्याच अंतरावर बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर धरलं, तर ६,२०० व्होल्टच्या वर, आणि तो प्रवाह हृदयावरूनच जातो. एका झाडाखाली सगळी जनावरं एकदम का मरतात, ते यात आहे. मुरमाड, खडकाळ जमिनीचा रोध याहून खूप जास्त असतो, तिथे हे आकडे आणखी चढतात.

मोकळ्या रानात अडकलात आणि अंगावरचे केस उभे राहिले, तर टाचा जुळवून उकिडवं बसा, कान झाका, हात जमिनीला लावू नका, आडवं पडू नका. हा शेवटचा उपाय, याने जीव वाचेलच असं नाही. कुणावर वीज पडली तर त्याच्या अंगात वीज राहत नाही, लगेच हात लावा. श्वास थांबलेला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब द्या, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि १०८ ला फोन करा. अनेक जण पडले असतील तर जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी जा. कण्हणारे बहुतेक वाचतात, निपचित पडलेल्यांचं हृदय दाबाने पुन्हा सुरू होऊ शकतं.

सोबत आणखी काय ठेवावं? हवामान विभागाचा तीन तासांचा जिल्हावार अंदाज सकाळी-दुपारी पाहा. तो पिवळा-नारिंगी असेल तर दामिनी उघडीच ठेवा, हिरवा असला तरी दुपारी तीननंतर एकदा नजर टाका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ही घ्या, त्याचे इशारे वेगळ्या वाटेने येतात. गडावर जाणाऱ्यांनी पायथ्याशी नेटवर्क असतानाच दामिनी पाहावं. वर गेल्यावर नकाशा बहुधा जुनाच राहील, आणि साखळ्या-रेलिंग असलेल्या कड्यावर पहिला गडगडाट हाच इशारा समजून खाली उतरावं.

गुण द्यायचे तर दुसऱ्या गावाहून येणाऱ्या ढगासाठी पाचपैकी साडेचार, डोक्यावर उभ्या राहणाऱ्या ढगासाठी दोन. ॲपमध्ये एक सुधारणा मनापासून हवी: वर्तुळांसोबत १० किलोमीटरचं तिसरं वर्तुळ आणि ठिपक्यांच्या चालीचा बाण. आजघडीला ते अंतर बोटाने मोजावं लागतं, आतल्या वर्तुळाच्या निम्म्यावर.